फाइल कॉपी झाली, तरी पेनड्राइव्ह बूट का होत नाही?

२०२५च्या दिवाळीत बेंगळुरूच्या सर्जापूर रोडवरच्या सोसायट्यांमध्ये जुन्या लॅपटॉपांची बरीच आवराआवर झाली. १४ ऑक्टोबरला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चे मोफत अपडेट थांबवले. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय लागते आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. म्हणजे २०१६ साली घेतलेला, कळफलकाचं एक बटणही न झिजलेला लॅपटॉप एकदम बाद. आमच्या वरच्या मजल्यावर मुलाकडे राहायला आलेले नाशिकचे काका काही असे लॅपटॉप भंगारात देणाऱ्यातले नव्हेत. त्यांनी लिनक्सची आयएसओ फाइल उतरवून घेतली, पेनड्राइव्हवर कॉपी केली आणि लॅपटॉप चालू केला. पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत उत्तर आलं: ‘नो बूटेबल डिव्हाइस’.

“अहो, फाइल तर यात दिसतेय. मग हा नाही कशाला म्हणतो?”

प्रश्न रास्त होता. शिवाय योग्य रस्त्यावर विचारलेला होता. इथून जवळच दोडकन्नेल्लीला विप्रोचं मुख्यालय आहे. ही कंपनी १९४५ साली आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरला वनस्पती तूप करायला सुरू झाली, ऐंशीच्या दशकात संगणक बनवू लागली आणि २०१३ साली पीसी बनवण्याच्या धंद्यातून बाहेर पडली. त्या काळात देशोदेशी जे पीसी विकले गेले, त्यांतले बहुतेक एकाच पद्धतीने जागे होत. ती पद्धत १९८१च्या आयबीएम पीसीने घालून दिली होती, आणि काकांच्या प्रश्नाचं उत्तर तिच्यात आहे.

बटण दाबल्यावर प्रोसेसरला फाइल, फोल्डर यातलं काहीही ठाऊक नसतं. फाइल ही ऑपरेटिंग सिस्टिमने उभी केलेली व्यवस्था, आणि ती सिस्टिम तर अजून यायची आहे. प्रोसेसर एका ठरलेल्या पत्त्यावर जातो. तिथे मदरबोर्डवरच्या चिपमधला बायोस हा छोटा प्रोग्राम असतो. बायोस मेमरी, कळफलक, डिस्क तपासतो आणि मग डिस्कचे अगदी पहिले ५१२ बाइट वाचतो. त्यांतले शेवटचे दोन बाइट षोडशमान पद्धतीत ५५ आणि एए आहेत का, एवढं बघतो. दशमान पद्धतीत ८५ आणि १७०. द्विमानात लिहिले तर ०१०१०१०१ आणि १०१०१०१०, एकाआड एक शून्य नि एक. ही खूण सापडली की बायोस ते ५१२ बाइट मेमरीत ठेवतो आणि सूत्रं त्यांच्या हाती देतो. नावं वाचणं नाही, शोधाशोध नाही.

मेमरीतली ती जागासुद्धा ठरलेली आहे: ३१,७४४वा बाइट. हा आकडा विचित्र वाटतो, पण हिशेब सरळ आहे. त्या वेळी किमान ३२ किलोबाइट मेमरी धरली होती, म्हणजे ३२,७६८ बाइट. त्यातून शेवटचे १,०२४ वजा केले की ३१,७४४ उरतात. निम्मे बूट-कोडला, निम्मे त्याच्या कच्च्या कामाला. आज सोळा गिगाबाइट मेमरीचा लॅपटॉप जुन्या पद्धतीने सुरू केला, तरी पहिला कोड त्याच ३१,७४४व्या घरात येऊन बसतो. संगणकाच्या जगात सगळं दर वर्षी बदलतं असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा जवळ ठेवावा.

त्या ५१२ बाइटांतही सगळी जागा मोकळी नसते. ६४ बाइट डिस्कच्या वाटण्यांच्या तक्त्याला जातात, २ खुणेला. उरलेल्या ४४६ बाइटांत पुढचा, मोठा प्रोग्राम कुठून उचलायचा हे सांगणारा कोड बसवायचा. हा कोड लिहिणाऱ्यांचं मला कायम कौतुक वाटत आलं आहे.

आता काकांचा पेनड्राइव्ह पाहू. आयएसओ ही अख्ख्या सीडीची बाइटन्‌बाइट नक्कल. ती साध्या फाइलसारखी कॉपी केली, म्हणजे आलेलं पार्सल न उघडता कपाटात ठेवलं. फाइल पेनड्राइव्हच्या पोटात कुठेतरी जाते. पहिले ५१२ बाइट मात्र पेनड्राइव्हचे स्वतःचे, आधी फॉरमॅट करताना लिहिलेले तसेच राहतात. जुन्या पद्धतीचा बायोस तेच वाचणार.

म्हणून रुफस (त्यातल्या ‘डीडी’ पद्धतीने) किंवा बलेनाएचर हे प्रोग्राम, नाहीतर लिनक्सवरची ‘डीडी’ ही आज्ञा वापरायची. आयएसओचा पहिला बाइट पेनड्राइव्हच्या पहिल्या बाइटवर, दुसरा दुसऱ्यावर, असं ती लिहून काढतात. पण सीडीची रचना वेगळी आणि डिस्कची वेगळी. मग एकच नक्कल दोन्हीकडे कशी चालते? सीडीवर फाइली कशा मांडायच्या हे ठरवणाऱ्या १९८८च्या आयएसओ ९६६० प्रमाणात पहिले ३२,७६८ बाइट कोरे सोडलेले आहेत. त्यांचं काय करायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. पुढे सिसलिनक्स हा बूट-प्रोग्राम करणाऱ्या मंडळींनी नेमक्या याच कोऱ्या जागेत डिस्कचे पहिले ५१२ बाइट भरून दिले. सीडी वाचणारा त्या जागेकडे बघत नाही, आणि डिस्क वाचणारा आधी तिथेच बघतो. इतकी सुटसुटीत युक्ती क्वचित पाहायला मिळते.

मायक्रोसॉफ्टच्या आयएसओत ही सोय नाही. त्यामुळे विंडोजचा पेनड्राइव्ह करताना रुफसला वाटणी, बूट-कोड सगळं स्वतः उभं करावं लागतं. त्यातली इन्स्टॉलची मुख्य फाइल अनेकदा चार गिगाबाइटांच्या वर जाते, आणि फॅट३२ प्रकारच्या डिस्कवर तेवढी मोठी एक फाइल मावतच नाही. तिथे आणखी एक आडवळण घ्यावं लागतं.

गेल्या दहाबारा वर्षांतल्या लॅपटॉपांवर बायोसच्या जागी यूईएफआय आहे. त्याला फॅट३२ वाचता येतं. काढता येणाऱ्या डिस्कवर तो ‘ईएफआय’ फोल्डर, त्यात ‘बूट’ फोल्डर आणि त्यात एका ठरावीक नावाची फाइल शोधतो. जुन्या यंत्राला जागा लागत होती, नव्याला नाव लागतं. काकांचा लॅपटॉप नव्यांतलाच, म्हणजे ते फक्त एका पायरीने चुकले होते. आयएसओ उघडून आतलं सगळं फॅट३२ पेनड्राइव्हवर टाकलं असतं, तर त्यांच्या लॅपटॉपवर लिनक्स बहुतेक चालून गेलं असतं.

पेनड्राइव्ह करताना दोन गोष्टींनी लोक घाबरतात. प्रगती दाखवणारी पट्टी शंभर टक्के भरते आणि तरी पेनड्राइव्हचा दिवा लुकलुकत राहतो. डेटा संगणकाच्या मेमरीपर्यंत पोहोचलेला असतो, स्वस्त पेनड्राइव्हवर मात्र अजून उतरत असतो. अशा वेळी तो उपटलात, की इन्स्टॉल अर्ध्यावर अडकलंच. दुसरं म्हणजे, नंतर ३२ जीबीचा पेनड्राइव्ह विंडोजला लावला की काही मेगाबाइटांचा दिसतो, किंवा ‘फॉरमॅट करू का?’ असं विचारलं जातं. तो बिघडलेला नसतो. वाटण्यांचा जुना तक्ता पुसून त्यावर दुसरा लिहिला गेला आहे, इतकंच. सगळ्या वाटण्या काढून पुन्हा फॉरमॅट मारला की जागा परत मिळते. आधीचे फोटो मात्र मिळत नाहीत, म्हणून रुफस सुरुवातीलाच बजावतो ते मनावर घ्यावं.

लिनक्सच्या बऱ्याच पेनड्राइव्हांवर ‘लाइव्ह’ पर्याय असतो. त्यात सिस्टिम पेनड्राइव्हवरून वाचली जाते आणि झालेले बदल मेमरीत राहतात. आपण इन्स्टॉल म्हणत नाही तोवर लॅपटॉपच्या डिस्कला हात लागत नाही. वायफाय, आवाज, प्रिंटर चालतात का, हे तिथेच बघून घ्यावं.

काकांनी शेवटी लिनक्सचा डेबियन हा प्रकार घेतला. त्याच्या इन्स्टॉलरमध्ये भाषांची लांबलचक यादी येते आणि तीत मराठी आहे. पण ग्राफिकल इन्स्टॉल निवडलं तरच. साधं, अक्षरी इन्स्टॉल निवडलंत तर यादीतून मराठी गायब होते, कारण त्या काळ्या पडद्यावर एका चौकटीत एकच अक्षर बसतं, आणि वेलांट्या, रफार, जोडाक्षरं तिथे मांडता येत नाहीत.