किडका दांत आणि लेसर किरण

दाढ ठणकूं लागली म्हणजे आपल्यांपैकीं पुष्कळजण तिच्याखालीं लवंग धरतात, एका बाजूनें जेवतात, परंतु घरीं सांगत नाहींत. दुखण्यापेक्षां दंतवैद्याच्या फिरत्या यंत्राची घरघर त्यांना अधिक भयंकर वाटते. त्या यंत्रावांचून कीड काढतां येईल काय, याचा आम्ही येथें थोडक्यांत विचार करणार आहों.

कीड म्हणजे अळी नव्हे. तोंडांतील सूक्ष्म जंतु साखरेपासून आम्ल तयार करतात. त्या आम्लानें दांताच्या एनॅमल नांवाच्या कठीण कवचांतील क्षार विरघळतात व हळूहळू खळगा पडतो. कुजलेला भाग काढून तो खळगा बुजवावा लागतो.

सन १९६० मध्यें अमेरिकेंत थिओडोर मेमन यांनीं माणकाच्या कांडीपासून पहिला लेसर किरण निर्माण केला. लेसर म्हणजे एकाच रंगाचा, एकाच दिशेनें जाणारा प्रखर प्रकाश. थोड्याच वर्षांत संशोधकांनीं तो दांतांवर टाकून पाहिला. परंतु त्याच्या उष्णतेनें दांताच्या गाभ्यांतील नाजूक मज्जेस इजा होण्याची भीति दिसून आली.

पुढें अर्बियम नांवाचें मूलद्रव्य मिसळलेल्या स्फटिकाचा लेसर उपयोगांत आला. त्याच्या किरणाची तरंगलांबी २.९४ मायक्रोमीटर असून तो डोळ्यांस दिसत नाहीं. पाणी हा किरण फार त्वरेनें शोषून घेतें. ज्वारीचा दाणा तापला म्हणजे आंतील ओलाव्याची वाफ होऊन लाही फुटते, हें आपण पाहिलेंच आहे. तसेंच येथें घडतें. दांतांतील अल्पशा पाण्याची क्षणार्धांत वाफ होते व तिच्या जोरानें सूक्ष्म कण उडून जातात. कुजलेल्या भागांत पाणी अधिक असल्यामुळें तो लवकर निघतो. दांत तापूं नये म्हणून वरून पाण्याचे तुषार सोडतात. सन १९९७ मध्यें अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें या कामीं अशा लेसरास मान्यता दिली.

या रीतींत यंत्राचा कंप नसतो व वेदना बहुधा कमी होतात. तथापि बधिर करण्याची सुई नेहमींच टळते असें नाहीं. वैद्य व रोगी या दोघांनाही विशिष्ट चष्मा लावावा लागतो. पूर्वीं चांदी भरलेल्या दांतावर हा किरण टाकीत नाहींत. यंत्र महाग असून काम सावकाश होतें; म्हणून फिरतें यंत्र अद्यापि सुटलेलें नाहीं.

शिवाय, एकदां खळगा पडला म्हणजे गेलेलें एनॅमल शरीर पुन्हा निर्माण करीत नाहीं. किरण कुजलेलें काढील, गेलेलें परत आणणार नाहीं. उलट, कीड प्रथम पांढुरक्या डागाच्या रूपांत असते, तेव्हां फ्लोराइडयुक्त दंतमंजनानें व स्वच्छतेनें ती थांबूं शकते. म्हणून विद्यार्थ्यांनीं दुखणें लपवूं नये व पालकांनींही दंतवैद्याचें नांव घेऊन मुलांस भिववूं नये. भीतीनें घालविलेले दिवस कोणताही किरण भरून देऊं शकत नाहीं.