आजींच्या खोलीतला टीव्ही

१ ऑगस्ट १९७५ रोजी उपग्रह दूरचित्रवाणीचा ‘साइट’ हा प्रयोग सुरू झाला. त्यासाठी सहा राज्यांतील जे भाग निवडले होते, त्यांत रायपूरचा परिसरही होता. रायपूर त्या वेळी मध्य प्रदेशात होते. छत्तीसगड वेगळे झाले ते २००० साली. अमेरिकेने वर्षभरासाठी दिलेल्या एटीएस-६ उपग्रहाचे कार्यक्रम पकडायला गावात दहा फुटी छत्री उभारत. तिची जाळी कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशीच! गावाला संच एकच. शेती, आरोग्य, शाळेचे धडे, जे लागेल ते सगळ्यांनी मिळून पाहायचे. चॅनेल बदलायची सोयच नव्हती, त्यामुळे रिमोटवरून भांडणही नव्हते.

आज त्याच रायपुरात कित्येक घरांना एक टीव्ही पुरत नाही. तात्यापाऱ्यासारखी मराठी कुटुंबांची जुनी वस्ती घ्या, नाही तर नव्या कॉलनीतला फ्लॅट. दिवाणखान्यात मोठा एचडी टीव्ही येतो आणि आधीचा छोटा संच आजींच्या खोलीत जातो. हेतू चांगलाच असतो. गुडघे दुखत असताना सारखे बाहेर येऊन बसणे जमत नाही, आणि हिंदी मुलखात दिवसभर कानावर मराठी पडण्याचे साधन म्हणजे मालिका नि कीर्तन. मग प्रश्न येतो, बाहेरचे चित्र आत न्यायचे कसे?

सर्वांत स्वस्त उपाय एचडीएमआय स्प्लिटरचा. सेट-टॉप बॉक्समधून निघणारी वायर या डबीत घालायची. तिला वीज दिली की दोन वायरी बाहेर, दोन टीव्ही सुरू. साधी वायर दहा-पंधरा मीटरपर्यंत ठीक चालते. त्यापुढे चित्र लुकलुकते, नाही तर पडदा सरळ काळा होतो. जुन्या अँटेनासारख्या मुंग्या दिसून वेळ निभावत नाही! अंतर जास्त असेल तर इंटरनेटला वापरतात त्या कॅट-६ वायरीवरून चित्र नेणारी जोडडबी मिळते. पिवळ्या-लाल-पांढऱ्या टोकांची जुनी वायरही चित्र नेते, पण एचडी नव्हे. एचडीच्या १०८० ओळींऐवजी तिच्यातून जुन्या पद्धतीच्या ५७६च ओळी जातात. बिनतारी यंत्रे जुन्या घरांच्या जाड भिंतींपुढे बहुधा हात टेकतात.

आणि एवढे करून आजींना मिळते काय? तर दिवाणखान्यात जे लागले आहे तेच! बॉक्स एक, म्हणजे चॅनेलही एकच. आतून रिमोट चालावा म्हणून ‘डोळा’ बसवता येतो. पण मग आजींनी कीर्तन लावले की बाहेरची क्रिकेटची मॅच जाते. अशा घरात नमते कोण घेते हे सांगायला नको. वायर विकत घेण्याआधी विचारायचा प्रश्न म्हणूनच एवढाच, की आत बसणाऱ्याला स्वतःचे चॅनेल हवे आहे का? उत्तर ‘हो’ असेल, तर दुसऱ्या बॉक्सला पर्याय नाही.

इथे केबल आणि डिश यांत फरक आहे. केबलच्या वायरीतून सगळी चॅनेल एकदमच येतात. ती साध्या स्प्लिटरने दोन बॉक्सना वाटता येते. प्रत्येकाच्या वाट्याला निम्म्याहून थोडी कमी ताकद येते, एवढेच. डिशचे तसे नाही. बॉक्स वायरीतूनच छत्रीवरच्या एलएनबीला कमी-जास्त व्होल्टेज देऊन उभ्या लहरी हव्यात की आडव्या ते सांगतो. एकाच वायरीवर दोन बॉक्स दोन वेगळे हुकूम सोडू लागले की गोंधळ ठरलेला. त्यासाठी दोन तोंडांचा एलएनबी बसवून प्रत्येक बॉक्सला स्वतंत्र वायर द्यावी. छत्री एकच पुरते. अर्थात जोराच्या पावसात दोन्ही टीव्ही एकदमच जातात, त्याला इलाज नाही.

घरात ब्रॉडबँड आणि स्मार्ट टीव्ही असेल तर अनेक चॅनेल अॅपवरूनही दिसतात. मात्र ती काही सेकंद मागे असतात. बाहेर षटकाराचा आरडाओरडा होतो तेव्हा आतल्या खोलीत गोलंदाज अजून धावतच असतो!

राहिला खर्च. दुसऱ्या जोडणीचे नेटवर्क शुल्क पहिलीच्या ४० टक्क्यांपेक्षा जास्त नसावे, असे ‘ट्राय’ने २०२० मध्ये ठरवले होते. जुलै २०२४ मध्ये या शुल्कावरची मर्यादा उठली, त्यामुळे दर कंपनीगणिक वेगळा असू शकतो. पैसे भरण्याआधी तो विचारून घ्यावा. दुसऱ्या बॉक्सवर वेगळी चॅनेल निवडता येतात का, हेही विचारावे. क्रिकेटची महागडी चॅनेल आजींच्या बिलात कशाला? त्यांची चार मराठी चॅनेल आधी लिहून घ्यावीत. ती एचडीत हवीत की साधी, हे त्यांचा पलंग टीव्हीपासून किती लांब आहे ते पाहून ठरवावे. छोट्या पडद्यावर दहा फुटांवरून दोन्हींतला फरक चष्मा लावूनही फारसा कळत नाही.