हर्मिट आला म्हणजे मी एकटीच राहणार का?

टॅरोवरचा भाग ऐकून एका मुलीने आम्हाला मेसेज केला. ती सत्तावीस वर्षांची आहे, इथे येऊन दोन वर्षं झालीत. रूममेट जूनमध्ये दुसऱ्या शहरात गेली, तेव्हापासून ती एकटीच राहते. फोनवरच्या अ‍ॅपमध्ये ती रोज रात्री एक पत्ता काढते, मुख्य २२ पत्त्यांमधून. तीन महिन्यांत चौथ्यांदा हर्मिट आला, म्हणून तिने विचारलं, "म्हणजे मी एकटीच राहणार का?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तो पत्ता न काढताही स्वतःला विचारला असेल. म्हणून उत्तर नीट देऊ या.

आधी साधा हिशेब. तीन महिने म्हणजे साधारण ९० रात्री. २२ पत्त्यांमधून रोज एक काढला, तर प्रत्येक पत्ता सरासरी चार वेळा येतो. म्हणजे हर्मिट चारदा आला यात विशेष काहीच नाही. सूर्याचा पत्ताही जवळपास तेवढ्याच वेळा आला असेल, फक्त तो लक्षात राहिला नाही. हर्मिट लक्षात राहिला, कारण मनात तोच विषय चालू होता. पत्त्याला तुमच्याबद्दल काही माहीत नसतं, पण तुम्हाला कुठला पत्ता बोचला यावरून तुमच्याबद्दल थोडं कळतं.

आता पत्ता समोर ठेवा. सगळ्यात प्रसिद्ध संचातला हर्मिट असा दिसतो: बर्फाळ शिखरावर उभा असलेला, राखाडी झगा घातलेला म्हातारा. एका हातात लांब काठी, दुसऱ्या हातात उंच धरलेला कंदील. कंदिलात ज्योत नाही, सहा टोकांचा तारा आहे. मान खाली झुकलेली. आजूबाजूला घर नाही, झाड नाही, माणूस नाही. पत्त्याचा क्रमांक ९. हर्मिट म्हणजे जगापासून दूर, विजनात राहणारा साधू. टॅरो सांगणारे याचा अर्थ 'एकांत, आत्मपरीक्षण, आतला मार्गदर्शक' असा लावतात, आणि पत्ता उलटा आला तर 'एकटं पडणं, तुटून जाणं' असा.

पण हा म्हातारा कायम असा नव्हता. टॅरो मुळात भविष्य सांगायचं साधनच नव्हतं. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत तो पत्त्यांचा खेळ म्हणून सुरू झाला. आपल्या मेंढीकोटसारखाच हात जिंकायचा खेळ, फक्त त्यात हुकमासाठी चित्रांचे वेगळे पत्ते होते. मिलानच्या विस्कोंती आणि स्फोर्झा घराण्यांसाठी रंगवलेला एक संच अजून बराचसा शिल्लक आहे, त्यातले ३५ पत्ते न्यूयॉर्कच्या मॉर्गन लायब्ररीत आहेत. त्या संचातल्या म्हाताऱ्याच्या हातात कंदील नाही, वाळूचं घड्याळ आहे. इटलीत या पत्त्याला 'काळ', 'म्हातारा', 'कुबडा' अशी नावं होती. म्हणजे सुरुवातीला हा पत्ता एकांताबद्दल नव्हताच. तो सांगायचा की वेळ सरतेय.

हे वाचून काही आठवलं? रविवारच्या व्हिडिओ कॉलवर मावशी विचारते ना, "मग, आता पुढचं काय ठरवलंयस?" तिच्या हातात तेच वाळूचं घड्याळ असतं. आणि खरं सांगायचं तर ते आपल्याही हातात असतं. सत्तावीसाव्या वर्षी 'मी एकटी आहे' या वाक्याला 'आणि वेळ चाललीय' हे शेपूट चिकटलेलं असतं. बऱ्याचदा त्रास त्या शेपटाचाच जास्त होतो.

पुढे छापील पत्त्यांमध्ये घड्याळाच्या जागी कंदील आला आणि म्हाताऱ्याचं नाव हर्मिट झालं. १७८१ मध्ये आंत्वान कूर द जेबेलँ या फ्रेंच लेखकाने टॅरो हे प्राचीन इजिप्तचं गूढ ज्ञान आहे असं लिहिलं. त्याला पुरावा काहीच नव्हता, पण कल्पना लोकांना आवडली आणि पत्त्यांना गूढ अर्थ चिकटत गेले. त्याच्या मते हा म्हातारा म्हणजे सत्य आणि न्याय शोधत निघालेला ज्ञानी माणूस. भरदुपारी कंदील घेऊन माणूस शोधत फिरणाऱ्या ग्रीक डायोजिनीसशी त्याने हर्मिटचं नातं जोडलं.

तिसरा बदल लंडनमध्ये झाला. १९०९ च्या डिसेंबरमध्ये आर्थर एडवर्ड वेट याच्या कल्पनेतून आणि पामेला कोलमन स्मिथ हिच्या हातून नवा संच तयार झाला. आज बहुतेक अ‍ॅपमध्ये दिसतात ती चित्रं तिचीच, किंवा तिच्यावरून घेतलेली. वेटने जेबेलँचा अर्थ स्पष्ट शब्दांत नाकारला. त्याचं म्हणणं, हा माणूस काही शोधत नाहीये, तो पोचलेला आहे. तो उंचावर उभा राहून कंदील धरतो, ते खालून येणाऱ्यांना 'इथवर तुम्हालाही येता येईल' हे कळावं म्हणून.

पत्ता परत बघा. कंदील पायाशी नाही, पुढे उंच धरलेला आहे. चित्रात दुसरं कुणी नाही, पण तो उजेड दुसऱ्या कुणासाठी आहे.

पामेलाबद्दलही दोन शब्द, कारण ती आपल्या ओळखीची वाटेल अशी बाई आहे. जन्म १८७८ चा, लंडनमधला. आईवडील अमेरिकन. बालपणाचा काही काळ जमैकात, चित्रकलेचं शिक्षण ब्रुकलिनमध्ये, मग परत लंडन. 'तू नक्की कुठली?' हा प्रश्न तिलाही नवा नसणार. इतकी चित्रं काढून पैसे अगदी थोडे मिळाले, असं तिने त्याच वर्षी एका पत्रात लिहिलं होतं. १९५१ मध्ये कॉर्नवॉलमधल्या बूड या गावी ती गेली, तेव्हा तिच्याकडे फारसं काही उरलं नव्हतं. मात्र पत्त्यांच्या कोपऱ्यात तिची छोटीशी सही आहे. आज जगभर लोक रात्री एकट्याने बसून तिने काढलेला कंदील बघतात.

आता मूळ प्रश्न. इथे आपली मराठी फार कामाला येते, कारण आपल्याकडे दोन वेगळे शब्द आहेत: एकांत आणि एकटेपणा. खोली तीच, खिडकीबाहेर चार वाजता पडणारा अंधार तोच, माणूसही एकच. तरी दोन्हींत फरक आहे. एकांत आपण घेतो, एकटेपणा आपल्यावर येतो. एकांतातून उठून कुणाकडे तरी जाता येतं. एकटेपणात जायला कुणी आहे असंच वाटत नाही.

आणि निवडलेला एकांतही सोपा नसतो. २०१४ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठातल्या टिमथी विल्सन आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना १५ मिनिटं रिकाम्या खोलीत नुसतं विचार करत बसवलं. सोबत एक बटण होतं, दाबलं की विजेचा सौम्य झटका बसे. १८ पैकी १२ पुरुषांनी आणि २४ पैकी ६ स्त्रियांनी ते दाबलं. आपल्या खिशात झटक्याऐवजी फोन असतो, एवढाच फरक. तेव्हा स्वतःसोबत बसणं जमत नसेल, तर तुमच्यातच काही बिघडलंय असं समजू नका. ती सवय आहे, हळूहळू लागते.

आपल्याकडचं एक उदाहरण देतो, तुलना अर्थात आमची. तुकोबा देहूजवळच्या भामचंद्र आणि भंडारा डोंगरांवर एकांतात बसत, असं परंपरा सांगते. पण तेच तुकोबा खाली येऊन गावात कीर्तनाला उभे राहत. डोंगर आणि कीर्तन या एकाच आयुष्याच्या दोन बाजू होत्या. हर्मिटची काठी आणि कंदील यांच्याकडेही तसंच बघता येतं: काठी स्वतःला वर चढायला, कंदील दुसऱ्याला दिसायला.

म्हणून मेसेज करणाऱ्या त्या मैत्रिणीला, आणि तुम्हालाही: तुम्ही एकट्या राहणार की नाही, हे कुठलाही पत्ता सांगू शकत नाही. पण पुन्हा हर्मिट आला, तर त्याच्या तीन रूपांवरून स्वतःला तीन प्रश्न विचारा. घड्याळवाल्या म्हाताऱ्याचा प्रश्न: ही घाई माझी आहे की दुसऱ्या कुणाची? जेबेलँच्या शोधकाचा प्रश्न: मी नक्की काय शोधतेय, माणूस, काम, की घर? आणि पामेलाच्या हर्मिटचा प्रश्न: माझा उजेड आत्ता कुणाला दिसू शकतो? नुकतीच आलेली एखादी ज्युनियर, जिला अजून बँकेत खातं कसं उघडायचं तेही माहीत नाही? तिला चहाला बोलवा. दोन वर्षं तुम्ही इथे काढलीत, तेवढी चढण तुमच्या पायाखालची आहे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, कुणाचाच फोन घ्यावासा वाटत नसेल, तर तिथे पत्ते बाजूला ठेवा. डॉक्टरकडे जा, विद्यापीठातल्या समुपदेशकाशी बोला, किंवा निदान एका मैत्रिणीला 'मला बरं वाटत नाहीये' एवढं सांगा. शिखरावरच्या म्हाताऱ्याच्या हातातही काठी आहे. आधार घेतल्याने तो कमी शहाणा ठरत नाही.