हेल्मेट घ्यायला जाताना डोकं बरोबर न्या



जेद्दा हे लाल समुद्राच्या काठचं बंदर आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना नावानं तरी नक्की ठाऊक असेल. मुंबईच्या धक्क्यावरून हाजींच्या बोटी सुटायच्या त्या जेद्दालाच जायच्या. १९९५ सालापर्यंत हा बोटीचा प्रवास चालू होता, मग सगळे विमानानं जाऊ लागले. अशा या जेद्दाचा आणि मोटारसायकलच्या हेल्मेटचा काय संबंध, असं तुम्ही म्हणाल. संबंध आहे, आणि तो आधी सांगितला की पुढचं सगळं समजायला सोपं जाईल.

१६ ऑक्टोबर १९१६ रोजी जेद्दा बंदरात एक अठ्ठावीस वर्षांचा, बुटकासा इंग्रज अधिकारी बोटीतून उतरला. टी. ई. लॉरेन्स त्याचं नाव. अरबांनी तुर्कांविरुद्ध बंड केलं होतं, त्यांच्या पुढाऱ्यांना भेटायला तो आला होता. पुढे जग त्याला 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून ओळखू लागलं. १९६२ साली त्याच नावाचा इंग्रजी सिनेमा निघाला, तो आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. आपले आय. एस. जोहर त्यात एका अरबाच्या छोट्या भूमिकेत होते. बालमित्रांनो, आजीआजोबांना विचारा, त्यांना उंटांची रांग नक्की आठवेल. पण सिनेमाची सुरुवात उंटांनी होत नाही, मोटारसायकलनं होते.

युद्ध संपल्यावर लॉरेन्स नाव बदलून विमानदलात साधा शिपाई म्हणून भरती झाला. काही काळ तो कराचीत होता (त्या काळी तिथं आपले पुष्कळ लोक राहत) आणि १९२९ च्या जानेवारीत मुंबईहूनच बोटीनं विलायतेला परतला. त्याला मोटारसायकलचं भारी वेड. १३ मे १९३५ रोजी इंग्लंडमध्ये घराजवळच्या रस्त्यावर सायकलवरची दोन मुलं एकदम पुढे आली. त्यांना वाचवायला त्यानं गाडी वळवली आणि तो हँडलवरून उडून पडला. डोक्यावर काही नव्हतं. सहा दिवस बेशुद्ध राहून १९ मे रोजी तो वारला. वय ४६. वाळवंटातल्या लढाया, गोळ्या, ताप, सगळ्यांतून वाचलेला माणूस घराजवळ गेला.

त्याला तपासायला आलेल्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे सर्जन होते, मूळचे ऑस्ट्रेलियाचे. आम्ही परिचारिकांनी एक गोष्ट नेहमी पाहिलेली आहे. एखादा रोगी गेला की काही डॉक्टर फाईल बंद करतात, आणि काही डॉक्टरांना तो रोगी झोपू देत नाही. केर्न्स दुसऱ्या जातीचे. हेल्मेट तेव्हा नव्हतं असं नाही. आयल ऑफ मॅन बेटावरच्या शर्यतीत १९१४ पासून ते सक्तीचं होतं. पण ते शर्यतवाल्यांचं, साध्या माणसाला कशाला, असा समज. दुसऱ्या महायुद्धात ब्लॅकआऊटच्या काळोखात निरोप घेऊन धावणारे लष्करी मोटारसायकलस्वार भराभर मरू लागले. केर्न्स यांनी १९४१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लेख लिहिला. युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत तिथल्या रस्त्यांवर २,२७९ मोटारसायकलस्वार आणि मागे बसलेले ठार झाले होते, आणि मृत्यूचं मोठं कारण डोक्याला मार हेच होतं. हेल्मेट घालून डोक्याला लागलेले फक्त सात जण त्यांच्या पाहण्यात आले, आणि सातही जगले. सात हा आकडा लहानच, केर्न्सनाही ते समजत होतं. पण त्या वर्षीच्या नोव्हेंबरात लष्करानं हेल्मेट सक्तीचं केलं, आणि मग मृत्यूंचे आकडे उतरत गेले. साध्या नागरिकांना सक्ती व्हायला मात्र १९७३ उजाडलं. केर्न्स तोपर्यंत नव्हते, ते १९५२ सालीच वारले.

आता त्याच जेद्दाला परत येऊ. डकार रॅली नावाची अत्यंत अवघड शर्यत २०२० साली सौदी अरबस्तानात आली आणि तिची सुरुवात जेद्दातून झाली. २०२१ च्या जानेवारीत ती जेद्दातून निघून जेद्दातच संपायची होती. तीत बंगळुरूचे सी. एस. संतोष होते. २०१५ साली ही रॅली पूर्ण करणारे ते पहिले भारतीय. ६ जानेवारीला वाळवंटात त्यांचा अपघात झाला, डोक्याला जबर मार बसला. हेलिकॉप्टरनं रियाधच्या इस्पितळात नेलं, औषधं देऊन मुद्दाम बेशुद्ध ठेवलं. ते वाचले आणि घरी परतले. याच्या उलट, आदल्या वर्षी त्याच संघाचे पोर्तुगीज स्वार पाउलो गोन्साल्वेस १२ जानेवारीला त्याच वाळवंटात पडून गेले. हेल्मेट त्यांनाही होतंच. म्हणून आम्ही कुणाला असं सांगणार नाही की हेल्मेट घातलं की काही होत नाही. ते कवचकुंडल नव्हे. २००८ साली जगभरच्या अभ्यासांचा मेळ घालून जो हिशोब निघाला, त्यात हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो असं दिसलं. शंभर टक्के नाही. पण वॉर्डात रात्रपाळी केलेल्या बाईला विचारा, ६९ टक्के म्हणजे किती खाटा रिकाम्या.

आता हेल्मेट करतं काय ते पाहू. लोकांना वाटतं बाहेरचं कडक कवच वाचवतं. ते अर्धंच खरं. बालमित्रांनो, कोकणातून हापूसची पेटी यायची ती आठवणाऱ्या आजीला विचारा, पेटीत आंब्याभोवती काय असायचं? पेंढा. लाकडी पेटीत नुसतेच आंबे ठेवले असते तर पेटी शाबूत राहिली असती आणि आंब्यांचा रस झाला असता. कवटी ही पेटी, मेंदू हा आंबा. गाडी थांबते, डोकं थांबतं, पण आतला मेंदू पुढे जातच राहतो आणि कवटीवर आपटतो. हेल्मेटच्या आत जो जाड थर्माकोलचा थर असतो तो पेंढ्याचं काम करतो. मार बसला की तो चेपतो, आणि त्या चेपण्यात क्षणाचा काही अंश उशीर होतो. तेवढा उशीर मेंदूला पुरतो. बाहेरचं कवच टोकदार दगड आत घुसू देत नाही आणि धक्का पसरवतं. हनुवटीचा पट्टा हे सगळं डोक्यावर राहील याची काळजी घेतो.

यातून दोन गोष्टी निघतात. दुकानात बाहेरचा रंग आणि चित्रं बघण्याआधी हेल्मेट उलटं करा. आत नुसता स्पंज आणि कापड असेल, बोटानं दाबून मागे कडक थर लागत नसेल, तर ते टोपीच आहे, पैसे देऊ नका. दुसरं म्हणजे, चेपलेला थर्माकोल पुन्हा फुगत नाही. एकदा जोराचा मार बसलेलं हेल्मेट बाहेरून धडधाकट दिसलं तरी आतून संपलेलं असतं. म्हणून कुणाचं जुनं हेल्मेट घेऊ नये, मग ते स्वतःच्या मामेभावाचं का असेना. घाम, ऊन आणि तेलानंही माल जुना होतो, पाचेक वर्षांनी नवं घ्यावं असं बहुतेक कारखानदारच सांगतात. आणि रंग, थिनर, पेट्रोल कवचाला लावू नका, प्लॅस्टिक ठिसूळ होतं.

शिक्का पाहायचाच. भारतात आयएसआयचा शिक्का नसलेलं हेल्मेट बनवणं आणि विकणं १ जून २०२१ पासून बेकायदा आहे. तरी पदपथावर मिळतंच, ते सोडा. युरोपातल्या मालावर वर्तुळात इंग्रजी ई आणि एक आकडा असतो. जास्त पैसे म्हणजे जास्त सुरक्षित, असंही नाही. ब्रिटिश सरकार 'शार्प' नावाच्या योजनेत हेल्मेटं आपटून बघतं आणि एक ते पाच तारे देतं. त्यात स्वस्तातल्या काही हेल्मेटांना पाच तारे मिळालेले आहेत. महागात जास्त काय मिळतं? हलकेपणा, हवा, चांगलं अस्तर, कमी आवाज. थोडक्यात आराम.

आणि आराम ही चैन आहे असं आम्हाला मुळीच वाटत नाही. जेद्दाचा उन्हाळा म्हणजे ४० अंशांच्या आसपास ऊन, वर समुद्राची दमट हवा. मुंबईचा मे महिना आठवा आणि त्यात थोडी भर घाला. अशा हवेत जेवणाचे डबे पोहोचवत दिवसभर दुचाकीवर फिरणाऱ्या माणसाचं हेल्मेट टोचत असेल, आत घाम साचत असेल, तर तो काय करील? काढून हँडलला अडकवील. हँडलला अडकवलेलं पाच ताऱ्यांचं हेल्मेट आणि लॉरेन्सचं उघडं डोकं, यांत फरक काय?

पुणेकरांनाही हेच सांगायचं आहे. २०१९ च्या जानेवारीत तिथं हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चा निघाला होता. मान दुखते, ऐकू येत नाही, उकडतं, केस जातात, ठेवायचं कुठं, अशा तक्रारी. पुणेकर म्हटलं की लोक हसतात, पण आम्ही यातल्या निम्म्या तक्रारी खऱ्या मानतो. त्या चुकीच्या मापाच्या, जड हेल्मेटच्या तक्रारी आहेत. मानेचं म्हणाल तर हेल्मेटमुळे मानेच्या दुखापती वाढतात असं म्हणण्याजोगा पुरावा त्या २००८ च्या हिशोबात मिळाला नाही.

तेव्हा माप कसं घ्यायचं ते सविस्तर सांगतो. शिंप्याची टेप भुवयांच्या किंचित वरून, कानांच्या वरून, मागे डोक्याच्या सर्वांत फुगीर भागावरून फिरवा. जो सेंटिमीटरचा आकडा येईल त्यावरून माप ठरतं. पण आकड्यावर विसंबू नका, कारण डोकी गोल असतात तशी लांबटही असतात. एकाच मापाचं एका कंपनीचं हेल्मेट कपाळाला टोचतं आणि दुसऱ्या कंपनीचं बरोबर बसतं. म्हणून नातवाला वाढदिवसाची भेट म्हणून गुपचूप हेल्मेट आणू नका. त्याचं डोकं बरोबर न्या. डोकं आलं की बहुधा नातूही येतो.

दुकानात हेल्मेट घालून पंधरा मिनिटं बसा. दुकानदार कंटाळेल, कंटाळू द्या. नवं हेल्मेट गालांना घट्टच हवं, बोलताना गाल किंचित चावल्यासारखे व्हावेत. अस्तर महिनाभरात बसतं, सैल हेल्मेट मात्र कधीच घट्ट होत नाही. काढल्यावर कपाळावर लाल वळ दिसला किंवा एका जागी ठणकलं, तर आकार तुमचा नाही. आता पट्टा लावा, हनुवटीखाली एक-दोन बोटं जातील इतकाच. मान डावी-उजवी हलवा. डोक्याची कातडी हेल्मेटबरोबर हलली पाहिजे, हेल्मेट एकटं फिरता कामा नये. मग दुसऱ्याला सांगा, मागच्या कडेला हात घालून पुढे वर ढकल. पट्टा लावलेला असतानाही निघून हातात आलं, तर अपघातात ते तुमच्या आधी रस्त्यावर पडेल.

चष्मेवाल्यांनी चष्म्यासकट घालून बघावं. काड्यांना आत जागा हवी, नाहीतर कानामागे दुखून तासाभरात डोकं भणभणतं. बायकांनी अंबाडा घालून माप देऊ नये, मानेवर खाली वेणी घालावी. खाली रुमाल बांधायचाच तर पातळ सुती. जाड ओढणीच्या दोन घड्यांनी माप बिघडतं. उष्ण देशात पुढून हवा आत आणि मागून बाहेर जाण्याची भोकं बघा, आणि अस्तर सुटं करून धुता येतं का ते विचारा. कोमट पाणी, अंगाचा साबण आणि सावलीत सुकवणं. घामट अस्तरानं पुरळ येतं, मग तेच निमित्त होतं न घालण्याला. काळी काच रात्री नको. रंग पांढरा किंवा उजळ घ्या. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला झालेल्या पाहणीत (२००४) काळ्या हेल्मेटवाल्यांपेक्षा पांढऱ्यावाल्यांना अपघातात दुखापत होण्याचा धोका २४ टक्क्यांनी कमी दिसला. पांढरं लांबून दिसतं, आणि उन्हात कमी तापतं हे आपल्याला कुणी सांगायला नको.

हनुवटी झाकणारं घ्यावं की उघडं? उकाड्यात उघडं बरं वाटतं, खरं आहे. पण पडताना माणूस हनुवटीवरही पडतो. मोडलेला जबडा तारांनी बांधून नळीतून दूध-पाणी पिणारे तरुण आम्ही बरेच पाहिले आहेत. आमचं मत पूर्ण झाकणाऱ्याला.

इथं इस्राएलमध्ये आपली नातवंडं हेल्मेटला 'कसदा' म्हणतात, आणि मोटारसायकल नसली तरी विजेच्या स्कूटरवरून भिरभिरत असतात. वरचं माप घेण्याचं सगळं त्यांच्या कसद्यालाही लागू आहे. मात्र त्यांचा हलका कसदा मोटारसायकलवर चालत नाही.

शेवटी एक गोष्ट खास सांगायची आहे. रस्त्यात कुणी हेल्मेटसकट पडलेला दिसला तर धावत जाऊन त्याचं हेल्मेट ओढून काढू नका. मानेचं हाड मोडलेलं असेल तर त्या ओढण्यानं हातपाय कायमचे जाऊ शकतात. काच वर करा, नाव विचारा, श्वास चालू आहे का बघा, मान हलू देऊ नका, आणि इथं १०१ ला, भारतात १०८ ला फोन करा. श्वासच अडला असेल तरच काढायचं, आणि तेही दोघांनी मिळून. एकानं खालून मान आणि जबडा धरायचा, दुसऱ्यानं पट्टा सोडून किंवा कापून, दोन्ही बाजू फाकवून, हळूहळू सरळ रेषेत काढायचं. हे वाचून नाही जमत. घरी उशीवर झोपलेल्या नातवावर एकदा करून बघा, त्यालाही गंमत वाटेल.