पोलाद भिलाईचे, स्मृती कोणाची?

नवी ‘विक्रांत’ २ सप्टेंबर २०२२ रोजी कोची येथे नौदलात दाखल झाली. तिच्या बांधणीसाठी लागलेले सुमारे ३० हजार टन विशेष पोलाद भारतीय पोलाद प्राधिकरणाच्या भिलाई, बोकारो आणि राउरकेला येथील कारखान्यांनी पुरवले. १९६१ मध्ये नौदलात आलेली पहिली ‘विक्रांत’ ब्रिटनमध्ये बांधलेली होती. १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून उभ्या राहिलेल्या भिलाईने साठ वर्षांत गाठलेला हा पल्ला कौतुकास्पद आहे. पण विमानवाहू नौका घडवणारा देश ती निवृत्त झाल्यावर तिचे काय करतो?

१९७१ च्या युद्धात पहिल्या ‘विक्रांत’वरून उडालेल्या ‘सी हॉक’ आणि ‘अलिझे’ विमानांनी कॉक्स बाझार व चितगावच्या तळांवर हल्ले चढवले. ही दोन्ही प्रकारची विमाने आज गोव्यात, दाबोळीजवळ बोगमाळो येथील नौदल विमानचालन संग्रहालयात पाहता येतात. १९९८ मध्ये सुरू झालेल्या या संग्रहालयात ‘सी हॅरियर’ आणि अवाढव्य ‘सुपर कॉन्स्टेलेशन’ही आहे. विमाने उरली; त्यांना वाहणारी नौका मात्र उरली नाही. मुंबईत तिचे संग्रहालय झाले होते, परंतु २०१२ मध्ये ते सुरक्षेच्या कारणास्तव बंद झाले. राज्य शासनाने देखभालीच्या खर्चाबाबत असमर्थता दर्शवली आणि २०१४ मध्ये ती भंगारात निघाली. तिच्या धातूचा काही अंश पुढे एका मोटारसायकलीत वापरला गेला.

यातून धडा घेतला गेला नाही. ‘विराट’ मार्च २०१७ मध्ये निवृत्त झाली. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने २०१८ मध्ये तिच्यासाठी ८५२ कोटींच्या सिंधुदुर्गातील प्रकल्पास मंजुरी दिली. तरीही स्वयंपूर्ण आर्थिक प्रस्ताव न आल्याचे कारण देत केंद्राने तिला मोडीत काढले आणि २०२० मध्ये ती अलंगला पोहोचली. त्याच मार्च महिन्यात निवृत्त झालेले नौदलाचे ‘टीयू-१४२’ विमान मात्र वर्ष सरण्यापूर्वीच विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर संग्रहालय बनले. शेजारी ‘कुरसुरा’ पाणबुडी २००२ पासून उभी आहे.

हा फरक देशप्रेमाचा नाही, व्यवस्थेचा आहे. विमान लहान असते, जमिनीवर ठेवता येते. पाणबुडीही विशाखापट्टणमला किनाऱ्यावर ओढून घेतली. पाण्यात तरंगणारे हजारो टनांचे लोखंड दरवर्षी गंजते आणि दरवर्षी पैसे मागते. विशाखापट्टणमला स्थानिक विकास प्राधिकरणाच्या रूपाने एक निश्चित पालक मिळाला. इतिहासाचा पदव्युत्तर अभ्यास करून मी प्रशासनात शिरलो आणि नस्त्यांवर एक गोष्ट वारंवार पाहिली: भांडवली खर्चाला उत्साहाने मंजुरी मिळते, आवर्ती खर्चाचा रकाना मात्र रिकामा राहतो. वास्तूचे मरण त्या रकान्यातच लिहिलेले असते.

म्हणून मोठ्या युद्धनौकेच्या जतनाचा निर्णय निवृत्तीच्या किमान पाच वर्षे आधी व्हावा, जबाबदार संस्था एकच असावी आणि देखभालीसाठी कायम निधी आधीच बाजूला काढावा. संपूर्ण नौका राखणे परवडत नसेल, तर तिचा मनोरा किंवा उड्डाणपट्टीचा तुकडा जमिनीवर जतन करावा. त्यातला एक तुकडा भिलाईसारख्या नगरीतही असावा. झोतभट्टीसमोर उभ्या राहिलेल्या कामगारांच्या नातवंडांना आपले पोलाद कुठवर गेले, हे हाताने स्पर्शून पाहता आले पाहिजे. नव्या ‘विक्रांत’बाबत हे ठरवायला आज पुरेसा वेळ आहे, असा अवधी पहिल्या दोघींनाही मिळाला होता.