आईची नजर हाच पहिला तपास

‘बाळाच्या डोक्यात पाणी झालंय, नळी टाकावी लागेल,’ असं डॉक्टर सांगतात तेव्हा आईच्या पायाखालची जमीनच सरकते. मग ऑपरेशन होतं, टाके निघतात आणि घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. पण मैत्रिणींनो, जपायचं असतं ते यापुढेच. डहाणू तालुक्यातल्या सायवनसारख्या गावात तर जास्तच! तिथे प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, पण मेंदूच्या सर्जनसाठी बहुधा मुंबईच गाठावी लागते.

हे पाणी खरं तर प्रत्येकाच्या डोक्यात असतं. मोठ्या माणसात रोज साधारण अर्धा लिटर तयार होतं आणि रक्तात शोषलं जातं. जन्मजात दोष, रक्तस्राव किंवा क्षयाचा मेंदूज्वर यामुळे त्याची वाट अडली की डोक्यात दाब वाढतो. शंट म्हणजे ते पाणी कातडीखालून पोटात नेणारी बारीक नळी. तिला झडप असते. अमेरिकेतल्या जॉन होल्टर या तंत्रज्ञाने मुलाच्या आजारपणामुळे जिद्दीने अशी झडप तयार केली, ते साल १९५६. तरीही नळी तुंबते. लहान मुलांमध्ये जवळपास निम्म्या शंटवर दोन वर्षांत पुन्हा ऑपरेशन करावं लागतं. त्यात आईची काही चूक नसते.

मग दुखणं ओळखायचं कसं? जखमेची जागा, मान, पोट सुरुवातीला दुखतं, पण ते दिवसेंदिवस कमी व्हायला हवं. डॉक्टरांनी वजनाप्रमाणे लिहून दिलेलं औषध वेळेवर द्या. दुखणं उलट वाढत असेल, सकाळी डोकं जास्त दुखत असेल, सारख्या उलट्या, झोपाळूपणा, चिडचिड, झटके दिसले तर थांबू नका. तान्ह्या बाळाची टाळू फुगते, नजर खाली वळते. ताप, नळीवर लाली, जखमेतून पाणी, पोट फुगणं ही जंतुसंसर्गाची खूण असू शकते. उभं राहिल्यावर डोकं दुखतं आणि आडवं पडल्यावर थांबतं, असं असेल तर पाणी जास्त वाहून जात असावं. तेही डॉक्टरांना सांगा.

नळीवर तेल चोळणं, शेकणं, झडप दाबून बघणं नको. ताप आला की ‘हवा बदलली असेल’ म्हणून दोन दिवस वाट पाहू नका. १०८ ला फोन करा.

तयारी आधीच करून ठेवा. ऑपरेशनचा कागद, जुना सीटी स्कॅन, डॉक्टरांचा नंबर एकाच पिशवीत असू द्या. दिवाळीनंतर वीटभट्टीवर कामाला गेलात तरी ती पिशवी बरोबर न्या. काही झडपा चुंबकाने लावलेल्या असतात, म्हणून एमआरआयआधी आठवणीने सांगा. ऑपरेशनच्या खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेची चौकशी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे करा.

आणि कुठल्याही दवाखान्यात गेलात तरी पहिलं वाक्य हेच बोला, ‘डॉक्टर, याच्या डोक्यात शंट आहे आणि आज हा नेहमीसारखा नाही.’ बोलताना संकोच करू नका. मूल नेहमी कसं असतं, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक?