वस्तऱ्यासाठी निसणा कोणता घ्यावा?

पुष्कळ घरांत आजोबांचा जुना वस्तरा जपून ठेवलेला असतो. एखाद्या तरुणाला तो पुन्हा वापरावासा वाटला तर ती हौस चांगलीच आहे. नीट राखलेला वस्तरा दोन-तीन पिढ्या चालतो. पण चुकीच्या दगडावर घासून गेलेले पोलाद परत येत नाही. म्हणून नवशिक्यांसाठी चार शब्द सांगावेत असे आम्हांस वाटते.

ऊस तोडण्याचा कोयता ज्या दगडावर घासतात, तो वस्तऱ्याला चालत नाही. आपल्या बेटावरचा काळा दगड पाट्या-वरवंट्याला उत्तम, परंतु वस्तऱ्यासाठी फार खरबरीत. विजेवर फिरणारे चाक तर त्याहून वाईट. पातळ धार क्षणात तापते, निळी पडते आणि पोलादाचे पाणी उतरते.

विकतच्या निसण्यावर एक आकडा असतो. आकडा जितका मोठा, तितका दगडाचा कण बारीक. १००० चा दगड बोथट पात्याला नवी धार काढतो, ४००० चा तिच्यावरचे ओरखडे घालवतो आणि ८००० चा ती गालाला सोसेल अशी करतो. निरनिराळ्या कारखान्यांचे आकडे मात्र तंतोतंत जुळत नाहीत. म्हणून शक्यतो एकाच कारखान्याचे दगड घ्यावेत.

मग नवशिक्याने तिन्ही घ्यावेत काय? आमच्या मते नाही. एका बाजूस ४००० आणि दुसऱ्या बाजूस ८००० असा दुहेरी दगड पुरेसा आहे. तो सुमारे २० सेंटिमीटर लांब व ७ सेंटिमीटर रुंद असावा. जुना वस्तरा अगदी बोथट असेल किंवा धारेला दाते पडले असतील, तर पहिली धार जाणकाराकडून काढून घ्यावी. पुढे ती राखणे आपले काम. बेल्जियमचा पिवळा नैसर्गिक दगड फार नावाजलेला आहे. पण तो महाग, आणि त्याचे दोन तुकडे सारखे निघत नाहीत. तो हात बसल्यावर घ्यावा.

दगड सपाट हवा. मध्ये खोलगट झाला तर काचेवर पाण्याचा पॉलिश-कागद ठेवून त्यावर घासून घ्यावा. दगडावर पाणी घालून वस्तरा आडवा ठेवावा. पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकल्या पाहिजेत, कारण पाठच धारेचा कोन सांभाळते. धार पुढे ठेवून हलक्या हाताने सरकवावे. जोर दिला की धार बिघडते.

रोज मात्र दगड नको. दाढीपूर्वी चामड्याच्या पट्ट्यावर, पाठ पुढे ठेवून, वस्तरा फिरवावा. एवढे नेमाने केले तर काही महिने दगडाची आठवणही होणार नाही. तेव्हा वाचकहो, पैसे आधी चांगल्या पट्ट्यावर आणि एका दुहेरी दगडावर खर्च करा. बाकीचे दगड दुकानातच राहू द्या.